कुष्ठरुग्णांचे कैवारी डॉ. भाऊ दाजी लाड

पेडणे तालुक्यातील मांद्रे गावी एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जन्मलेले रामकृष्ण विठ्ठल लाड पुढे डॉ. भाऊ दाजी या नावाने विख्यात झाले. मुंबईत शिक्षण घेऊन त्यांनी एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन केले. परंतु वैद्यकाच्या ओढीने ती नोकरी सोडली. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते.

त्या काळी समाज कुष्ठरोगास पूर्वजन्मीचे पाप मानी, तर अनेक डॉक्टर त्यास आनुवंशिक समजत. भाऊंनी मात्र गोमंतकात खष्ट म्हणून परिचित असलेल्या कडू कवठाच्या बियांचे तेल रुग्णांस पोटात दिले आणि अंगासही लावले. अनेकांना उतार पडला. औषधाचा तपशील त्यांनी गुप्त ठेवल्याने टीकाही झाली.

१८७३ साली नॉर्वेच्या हान्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधला. बहुतेकांची रोगप्रतिकारशक्ती त्या जंतूचा बीमोड करते आणि ती कितपत साथ देते, यावर त्वचेवरील रोगाचे स्वरूप ठरते, हे पुढे स्पष्ट झाले. रोग पापाचा नव्हे, हे सिद्ध झाले.

हे ज्ञान रुजण्यापूर्वीच, ३१ मे १८७४ रोजी, भाऊंचे निधन झाले. प्रभावी औषधे येईपर्यंत त्याच कुळातील बियांचे तेल जगभर वापरले गेले. समाजाने दूर लोटलेल्या शरीरास हात लावण्याचे धैर्य, हाच पेडण्याच्या या सुपुत्राचा खरा वारसा होय.