अमळनेरचे साने गुरुजी

खानदेशात बोरी नदीच्या काठी अमळनेर हे गाव वसले आहे. आज ते जळगाव जिल्ह्यात मोडते. 1924 साली तेथील हायस्कुलात एक तरुण शिक्षक रुजू झाले. त्यांचा स्वभाव लाजाळू व बोलणे मृदू होते. असा मनुष्य खोडकर मुलांना आवरील कसा, असेच कोणालाही वाटले असते. त्या शिक्षकांचे नाव पांडुरंग सदाशिव साने. पुढे साऱ्या महाराष्ट्राने त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखले.

त्यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. घरचे पूर्वीचे वैभव लयास गेले होते. आईने मात्र त्यांच्या मनावर प्रेमाचे व सेवेचे संस्कार केले. विद्येसाठी ते औंध, पुणे अशा दूरच्या गावी राहिले. तेथे त्यांनी हाताने स्वयंपाक केला व प्रसंगी उपासही काढले. 1917 साली आईचे छत्र हरपले. तरीही त्यांनी अभ्यास सोडला नाही. पुढे तत्त्वज्ञानाच्या ओढीने ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. परंतु नुसत्या ग्रंथांत त्यांचे मन रमेना. ते मुलांकडे वळले.

त्या काळी शाळेत छडीचा धाक मोठा होता. नेमलेली पुस्तके पाठ करावी व परीक्षा द्यावी, एवढ्यालाच पुष्कळ ठिकाणी शिक्षण म्हणत. गुरुजींनी निराळी वाट धरली.

त्यांच्याकडे छात्रालयाची व्यवस्था सोपविण्यात आली होती. मुलांच्या खोल्यांत केर साचलेला असे, कपडे अस्ताव्यस्त पडलेले असत. गुरुजी कोणाला रागे भरत नसत. मुले शाळेत गेली, की ते स्वतः खोल्या झाडीत आणि कपड्यांच्या नीट घड्या घालून ठेवीत. परत आलेली मुले ते पाहून ओशाळी होत आणि हळूहळू स्वतःच केरसुणी हाती घेत. कोणी आजारी पडल्यास गुरुजी आईच्या मायेने त्याची शुश्रूषा करीत. आपल्या तुटपुंज्या पगारातून ते गरीब विद्यार्थ्यांना साहाय्यही करीत.

मुलांना चार भिंतींबाहेरचे जग दिसावे, अशी त्यांना तळमळ होती. यासाठी त्यांनी छात्रालयात एक हस्तलिखित दैनिक सुरू केले. ते रात्री जागून मजकूर लिहीत व सकाळी तो मुलांसमोर ठेवीत. देशोदेशीच्या घडामोडी, थोरांची चरित्रे, मुलांचे गुण आणि चुका, सारे त्यात असे. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही चालविले.

1930 साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह आरंभिला. आता गुरुजींपुढे मोठा पेच उभा राहिला. एकीकडे जीव लावलेली मुले होती, दुसरीकडे देशाची हाक होती. ज्या मुलांना आपण देशप्रेम शिकविले, त्यांच्यासमोर स्वतः मागे कसे राहावे? गुरुजींनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते सत्याग्रहात उतरले. मुलांचा वियोग त्यांना फार जड गेला.

त्यांना अनेकदा कारावास भोगावा लागला. तुरुंगातही त्यांचे शिकणे व शिकविणे थांबले नाही. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे गीतेवर प्रवचने देत. गुरुजी ती भराभर लिहून घेत. त्यांच्या लेखणीमुळेच ती प्रवचने पुढे असंख्य लोकांच्या हाती पडली. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक लिहिले. छात्रालयातील मुलांना त्यांनी जी माया दिली, तिचा उगम या पुस्तकात सापडतो.

पुढील काळात ते शेतकऱ्यांसाठी व कामगारांसाठी झटले. 1947 साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. भारतातील सर्व प्रांतांनी परस्परांच्या भाषा शिकून जवळ यावे, असे ‘आंतरभारती’चे स्वप्नही त्यांनी पाहिले. 11 जून 1950 रोजी त्यांचे निधन झाले.

शाळेत ते शिक्षक होते अवघी सहा वर्षे. तरीही लोकांनी त्यांना देशभक्त वा साहित्यिक या नावाने हाक मारली नाही. त्यांच्या ओठी गुरुजी हेच नाव राहिले.