किल्ल्यातल्या चिमण्या आणि मौलाना

आमच्या स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅनसाठी भिंतीला भोक ठेवलंय. फॅन काही अजून बसला नाही, पण चिमणी मात्र दरवर्षी न चुकता येते. यंदाही आली. ओट्यावर काड्या, डब्यांवर पिसं, एकदा तर चक्क आमटीत कापसाचा बोळा! तीन दिवस मी काड्या काढून टाकत होते आणि ती बया पुन्हा आणत होती. चौथ्या दिवशी झाडू घेऊन स्टुलावर चढले आणि मला एकदम हसूच आलं. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी याच गावात एक भला माणूस असाच हातात छत्री घेऊन चिमण्यांशी लढत होता. तो माणूस तेव्हा काँग्रेसचा अध्यक्ष होता आणि आमच्या नगरच्या किल्ल्यात कैदेत होता.

मौलाना अबुल कलाम आझाद.

नगरच्या कुठल्याही शाळकरी मुलाला विचारा, किल्ल्यात कोण होतं? नेहरू, असं उत्तर येईल. बरोबरच आहे, ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी इथंच लिहिलं, १९४४ साली. पण त्याच रांगेतल्या दुसऱ्या एका खोलीत आणखी एक पुस्तक जन्माला येत होतं, ‘गुबार-ए-खातिर’. ते उर्दूत, म्हणून आपल्या घरांपर्यंत फारसं पोचलंच नाही. मला त्याची देवनागरीतली प्रत मिळाली ती आई अंथरुणाला खिळली होती त्या वर्षी. अडलेले शब्द मी मुकुंदनगरच्या एका शिक्षिकाबाईंना विचारत असे. आईचं सगळं आवरलं की दुपारी अर्धा तास कुंड्यांजवळ बसावंसं वाटायचं, आणि बसलं की लगेच अपराधी वाटायचं. घरात दुखणं असताना हिला मोगऱ्याचं कसलं कौतुक, असं कुणी म्हणेल का? खरं तर कुणीच म्हणत नव्हतं. मीच मला म्हणत होते. अशा वेळी हे पुस्तक हाती आलं.

मौलानांचा जन्म मक्केचा, ११ नोव्हेंबर १८८८ चा. वडील मोठे धर्मपंडित, शिष्यांचा गोतावळा असलेले. मूल लहान असतानाच कुटुंब कलकत्त्याला आलं. घरात शिस्त अशी की मुलाला शाळेत घातलंच नाही. सगळं शिक्षण घरी, वडिलांच्या नजरेखाली. अरबी, फारसी, तर्कशास्त्र, गणित. खेळायच्या वयात हातात जाडजूड ग्रंथ. लग्नही तेरा-चौदाव्या वर्षीच लावून दिलेलं, झुलेखा बेगम यांच्याशी.

अशा घरातल्या मुलाला वेड कशाचं लागावं? सतारीचं! वडिलांना कळलं असतं तर अनर्थच झाला असता. वडिलांच्याच शिष्यांपैकी मसीता खान नावाचे एक वादक होते. त्यांच्याकडे हा मुलगा एका मित्राच्या घरी चोरून शिकायला जाऊ लागला. पुढे आग्र्याला गेला तेव्हा चांदण्या रात्री सतार घेऊन ताजमहालाच्या यमुनेकडच्या बाजूला जाऊन बसायचा आणि वाजवायचा. आपण ज्यांना टोपी, दाढी आणि गंभीर चेहरा एवढ्यावरच ओळखतो, त्यांच्या तरुणपणाचं हे चित्र आहे. किल्ल्यातल्या अगदी शेवटच्या पत्रांपैकी एकात, पंचावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यांनी ही आठवण सविस्तर लिहून ठेवलीय. सतार सुटून कितीतरी वर्षं झाली होती, गाण्याची ओढ काही सुटली नव्हती.

प्रवासाचीही हौस होती. विशीत इराक, इजिप्त, सीरिया, तुर्कस्तान असं करत ते पॅरिसपर्यंत गेले. पुढं लंडनला जायचं मनात होतं, पण वडिलांच्या आजारपणाची बातमी आली आणि परत फिरले. लंडन राहिलंच.

मग १९१२ साली कलकत्त्यात ‘अल-हिलाल’ हे साप्ताहिक काढलं. इंग्रज सरकारला ते झोंबलं आणि पुढची गोष्ट ठरल्यासारखी झाली. बंगालमधून हद्दपारी, रांचीला नजरकैद, तुरुंग, पुन्हा तुरुंग. १९२३ मध्ये पस्तिशीच्या आतच काँग्रेसचे अध्यक्ष झाले. नगरला आल्यावर दोनच दिवसांनी त्यांनी मागच्या कैदांचा हिशेब मांडला. सात वर्षं आठ महिने भरले. म्हणजे आयुष्यातला दर सातवा दिवस तुरुंगातला. आठवड्याची एक सुटीच जणू! एवढ्यावरही त्यांना गंमत सुचली, हे मला फार आवडतं.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत धरपकड झाली. आदल्या रात्री ‘चले जाव’चा ठराव झाला होता. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं आणि कार्यकारिणीच्या लोकांना नगरला. नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव, कृपलानी, सगळे मिळून बारा जण. सुरुवातीला पत्र नाही, वर्तमानपत्र नाही. बाहेर देश पेटलाय आणि आत काही कळत नाही.

या बंद दिवसांत मौलानांनी काय केलं? पहाटे तीन-चारला उठायचे आणि स्वतःचा चहा स्वतः करायचे. चहासुद्धा साधा नाही, व्हाइट जास्मिन नावाचा चिनी चहा. दुधाचा थेंब नाही. आपला दूध घालून उकळलेला चहा त्यांच्या लेखी चहाच नव्हता, पातळ केलेला हलवाच तो. (हे वाचून माझ्या सासूबाई महिनाभर मौलानांवर रुसल्या होत्या.) पेल्याशेजारी सिगारेट. एक घोट, एक झुरका. सगळा किल्ला झोपलेला. आणि मग ते लिहायला बसत, आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्र. ते टाकायची सोय नव्हतीच. तरी लिहायचं आणि फाइलीत ठेवून द्यायचं. हीच पत्रं पुढे १९४६ मध्ये पुस्तकरूपाने आली.

बरोबरच्यांनी बाग करायला घेतली. जमीन कशी, तर पडक्या बांधकामाची, चुन्या-दगडाची. नगरच्या मातीत कुदळ मारलेल्यांना कळेल! नेहरू खणण्यात पुढे. पुण्याहून बिया आल्या, वाफे झाले, फुलं आली, फुलांमागे पाखरं आली. आणि पहारा ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला मौलानांनी नाव दिलं चीता खान. चांदबिबीच्या काळात याच किल्ल्यात त्या नावाचा एक हबशी होता. म्हणजे टोपणनाव ठेवायलाही इतिहास खणून काढला.

आता चिमण्या. मौलानांच्या खोलीचं छत जुन्या लाकडी तुळयांचं, आणि तुळयांच्या सांदीत चिमण्यांची वस्ती. दिवसभर चिवचिव, टेबलावर, कागदांवर काडीकचरा. त्यांनी रीतसर युद्ध पुकारलं. आधी छत्रीच्या टोकाने, ते पुरेना म्हणून लांब बांबूने. घरटी पाडली, विजय साजरा केला. थोड्या वेळाने पाहतात तो चिमण्या पुन्हा हजर. शेवटी महापंडितांनी हार मानली आणि तह करायचं ठरवलं.

तहाची कलमं म्हणजे तांदळाचे दाणे. आधी लांब जमिनीवर, मग जरा जवळ, मग आणखी जवळ. स्वतः दगडाच्या पुतळ्यासारखे बसून राहायचे. पापणी हलली की पाखरं भुर्र. किती दिवस हे चाललं असेल! शेवटी चिमण्या थेट त्यांच्या तळहातावर येऊन दाणे टिपू लागल्या. मग प्रत्येकीच्या स्वभावावरून नावं पडली. एक मोती. एक बिनधास्त, त्याचं नाव कलंदर. एक ऐटीत चालणारा मुल्ला, तर एक गप्प गप्प सूफी. मोतीचं पिलू उडायला तयार होईना, आई धीर देतेय, ते आपलं पंख मिटून मलूल पडलंय, आणि मग एका क्षणी उडालंच, हे सगळं त्यांनी एखाद्या लढाईचं वर्णन करावं तसं रंगवलंय.

मी हे आईला वाचून दाखवायची. मोती हाताशी आली तेव्हा आई कितीतरी दिवसांनी हसली.

चिमण्यांची ही पत्रं आहेत मार्च १९४३ ची. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कलकत्त्याहून झुलेखा बेगमच्या आजारपणाची बातमी किल्ल्यात पोचली.

इथं मला पुस्तक मिटावंसं वाटलं होतं. कारण या बाईंबद्दल आपल्याला काय ठाऊक असतं? १९१६ मध्ये नवऱ्यावर पहिल्यांदा कारवाई झाली तेव्हा त्यांना आपली घालमेल लपवता आली नाही. त्यावर मौलाना बरेच दिवस त्यांच्यावर नाराज राहिले. हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. त्यानंतर या बाईंनी पुन्हा कधी डोळ्यांतलं पाणी दाखवलं नाही. १९२२ साली नवऱ्याला वर्षाची शिक्षा झाली तेव्हा त्यांनी गांधीजींना कळवलं, की शिक्षा अपेक्षेपेक्षा कमीच आहे आणि बंगालमधलं खिलाफतीचं काम आता मी पाहीन. केवढी हिंमत! पण ती हिंमत नवऱ्याच्या नाराजीतून शिकलेली होती, हे कळल्यावर माझा जीव कळवळला. रडू आलं तर रडूही नये का बाईमाणसाने?

१९४२ च्या उन्हाळ्यातच त्यांची तब्येत ढासळली होती. हवापालटासाठी रांचीला जाऊन आल्या होत्या. ऑगस्टच्या सुरुवातीला मौलाना मुंबईला निघाले तेव्हा त्या नेहमीसारख्या दारापर्यंत आल्या, निरोप दिला, बाकी काही बोलल्या नाहीत. दहा-बारा दिवसांत परतायचं होतं.

आता आजार बळावला होता. चीता खानाने सांगितलं, सरकारकडे काही मागणं असेल तर मी ताबडतोब पाठवतो. मौलानांनी नकार दिला. नेहरू येऊन बराच वेळ बोलले. त्यांनाही तेच उत्तर. ज्या सरकारला चालतं व्हा म्हणून सांगितलं, त्याच्याकडे सवलत मागायची नाही.

खरं सांगते, मला राग आला. चहाच्या बाबतीत एवढी आवडनिवड, चिमण्यांसाठी एवढा धीर, आणि बायकोसाठी एक अर्जही नाही? पुढचं वाचलं तेव्हा रागाची धार थोडी बोथट झाली. पुरती गेली नाही. या माणसाने आपलं रोजचं वेळापत्रक रेसभरही हलू दिलं नाही, जेवणाच्या टेबलावर वेळेवर जायचं, बोलायचं. पण वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या पावलांची चाहूल लागली की काळीज धडधडायचं आणि ते वाचनात गुंगल्याचं सोंग करायचे. सोंग होतं हे त्यांनीच कबूल केलंय. म्हणजे बायकोला जे लपवायला शिकवलं, तेच आता स्वतःच्या वाट्याला आलं होतं. नगरला आणलं तेव्हा त्यांचं वजन १७० पौंड होतं, इथून हलवलं तेव्हा १३० राहिलं होतं. शरीराला काही सोंग जमलं नाही.

९ एप्रिल १९४३ ला झुलेखा बेगम गेल्या. तारेने कळलं. दोन दिवसांनी मौलानांनी पत्र लिहिलं, त्यात आवारातल्या एका जुन्या कबरीचा उल्लेख आहे. कुणाची ते ठाऊक नाही. शेकडो वेळा नजरेखालून गेलेली. आता मात्र तिच्याकडे पाहिलं की तिच्याशी काही नातं असल्यासारखं त्यांना वाटायला लागलं. काही महिन्यांनी भोपाळहून बहीण आबरू बेगम गेल्याचीही खबर आली.

मी किल्ल्यात गेले ती आई गेल्यानंतर. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, नेत्यांच्या खोल्या जपून ठेवल्यात. सगळे नेहरूंच्या खोलीपाशी थांबतात, मीही थांबले. मग छताकडे बघत राहिले. बरोबरच्या नणंदेला वाटलं, मान धरली की काय माझी.

१९४५ च्या एप्रिलमध्ये मौलानांना बंगालमध्ये बांकुड्याला हलवलं आणि १५ जूनला सोडलं. पुढे ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले, संगीत नाटक अकादमी, साहित्य अकादमी त्यांच्याच काळात उभ्या राहिल्या. सतारीचं ते चोरून शिकणं असं कुठं तरी उगवून आलं म्हणायचं. २२ फेब्रुवारी १९५८ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं.

पण मला त्यांचा तो जूनमधला दिवस आठवत राहतो. हावडा स्टेशनवर तोबा गर्दी होती, जयजयकार होता. मोटार हारांनी भरून गेली. घराकडे जायच्या आधी त्यांनी मोटार झुलेखा बेगमच्या कबरीकडे घ्यायला सांगितली. तिथं उतरले, मोटारीतल्या त्या हारांमधला एक उचलला, कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातिहा म्हटली.

आमच्या भिंतीतल्या घरट्यात आता पिलं आहेत, दोन तरी असावीत. फॅन पुढच्या वर्षी बसवू.