मेघनाद साहा : वाचता वाचता गवसलेले समीकरण

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून संशोधनाकडे वळलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक धक्का बसतो. पाठ्यपुस्तक कळते, परीक्षेत उत्तम गुण मिळालेले असतात, पण हातात शोधनिबंध आला की पहिल्या पानावरच अडायला होते. लेखकाने अनेक पायऱ्या गाळलेल्या असतात, गृहीतके दोन ओळींत उरकलेली असतात. पुढे स्वतः लिहायची वेळ आली की अडचण दुप्पट होते. हे वाचन-लेखन स्वतंत्र विषय म्हणून फारसे कुणी शिकवत नाही. आज निदान मार्गदर्शक तरी असतो. शंभर वर्षांपूर्वी कोलकात्यातल्या एका तरुणाला तोही नव्हता. त्याचे नाव मेघनाद साहा.

साहांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ चा, ढाक्याजवळच्या शेवरातली गावातला. वडिलांचे छोटे दुकान होते आणि आठ भावंडांच्या घरात शिक्षणावर खर्च करणे परवडणारे नव्हते. गावातली शाळा संपल्यावर मेघनादही दुकानात बसायचा. पण काही मैलांवरच्या सिमुलिया गावातले डॉक्टर अनंतकुमार दास यांनी त्याला घरी ठेवून घेतले. आपले ताट आपण घासायचे आणि गाय सांभाळायची, एवढीच अट होती. पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो ढाक्याच्या सरकारी शाळेत गेला. १९०५ साली बंगालच्या फाळणीविरुद्धच्या आंदोलनात गव्हर्नरच्या भेटीवर बहिष्कार घातल्याबद्दल शाळाही गेली आणि शिष्यवृत्तीही. तेव्हा एका खासगी शाळेने त्याला सामावून घेतले.

ढाका कॉलेजात असताना साहांनी जर्मन भाषा शिकायला घेतली. त्या वेळी ते एक जादा विषय घेण्यापुरतेच वाटले असेल, पण पुढचे सगळे आयुष्य त्या निर्णयावर उभे राहिले. १९११ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. सत्येंद्रनाथ बोस वर्गमित्र होते, जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय शिक्षक होते. वर्गात अशी संगत आणि वसतिगृहात मात्र जातीवरून वेगळी पंगत, हे दोन्ही साहांच्या वाट्याला आले. १९१५ साली मिश्र गणितात ते एम.एस्सी. झाले. बोस पहिले, साहा दुसरे.

पुढच्याच वर्षी आशुतोष मुखर्जींनी या दोघांना कोलकाता विद्यापीठाच्या नव्या विज्ञान महाविद्यालयात नेमले. साहा लवकरच गणिताकडून भौतिकशास्त्राकडे आले. परिस्थिती मोठी विचित्र होती. उष्मागतिकी आणि वर्णपटशास्त्र हे एम.एस्सी.च्या वर्गाला शिकवायचे होते, आणि ते स्वतःच आधी शिकायचे होते. एकीकडे प्राध्यापकी आणि दुसरीकडे कुणाच्याही मार्गदर्शनाशिवाय स्वतःची डी.एस्सी. त्यात पहिले महायुद्ध सुरू होते. नवे भौतिकशास्त्र मुख्यतः जर्मनमध्ये लिहिले जात होते आणि जर्मन नियतकालिके भारतात येणे बंद झाले होते. शिवपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले जर्मन भाषिक प्राध्यापक ब्रूल यांच्या संग्रहातली पुस्तके मागून आणून या तरुणांनी वाचनाची भूक भागवली.

वाचण्याची खरी तालीम मात्र भाषांतराने दिली. आइन्स्टाइन आणि मिंकोव्हस्की यांचे सापेक्षतेवरचे मूळ निबंध साहा आणि बोस यांनी जर्मनमधून इंग्रजीत आणले. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या प्रस्तावनेसह ते पुस्तक १९२० मध्ये कोलकाता विद्यापीठाने प्रसिद्ध केले. भाषांतर हे सर्वांत सावकाश केलेले वाचन असते. त्यात एकही वाक्य अंदाजाने ओलांडता येत नाही. लेखक काय गृहीत धरतो, कुठे सिद्ध करतो आणि कुठे नुसते सांगतो, हे प्रत्येक ओळीत तपासावे लागते.

लिहिण्याचे धडे अधिक कडू होते. ताऱ्यांमधल्या प्रकाशाचा दाब वेगवेगळ्या अणूंवर वेगवेगळा पडतो, या विषयावर साहांनी एक मोठा निबंध लिहून अमेरिकेच्या अॅस्ट्रोफिजिकल जर्नलकडे पाठवला. छपाईच्या खर्चातला काही वाटा लेखकाने उचलला तर छापू, असे संपादकांकडून कळले. साहांना ते शक्य नव्हते. अखेर तो सविस्तर निबंध विद्यापीठाच्याच नियतकालिकात आला, जिथे बाहेरच्या जगातले फारसे कुणी तो वाचणार नव्हते. अमेरिकेच्या जर्नलमध्ये १९१९ साली एक छोटे टिपण तेवढे छापले गेले. पुढे याच विषयावर इतरांचे काम गाजले, तेव्हा ही खंत त्यांना राहिली. काम चांगले असणे आणि ते योग्य वाचकापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना पंचविशीतच समजले.

युद्ध संपले आणि जर्मन नियतकालिके पुन्हा येऊ लागली. त्यात साहांच्या हाती एगर्ट या शास्त्रज्ञाचा निबंध पडला. ताऱ्यांच्या आतल्या प्रचंड उष्णतेत अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, म्हणजे अणूंचे आयनीभवन होते. त्याचे गणित एगर्टने उष्मागतिकीच्या आधारे मांडले होते. रासायनिक संयुगाचे उष्णतेने विघटन होते तसाच हा प्रकार मानायचा, ही कल्पना चांगली होती. पण साहांची नजर एका जागी थांबली. अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला किती ऊर्जा लागते, हा आकडा एगर्टने कृत्रिमपणे गृहीत धरला होता. वास्तविक बोरच्या सिद्धांतामुळे आणि फ्रांक व हर्ट्झ यांच्या प्रयोगांमुळे अशी ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्यासाठी ठरवता येत होती. वर्गात उष्मागतिकी आणि वर्णपटशास्त्र दोन्ही शिकवणाऱ्या साहांना दोन विषयांमधली ही फट दिसली. त्यांनी खरे आकडे घातले आणि समीकरण नव्याने मांडले.

हेच साहा समीकरण. तापमान, दाब आणि अणूची आयनीभवन ऊर्जा दिली की वायूतले किती अणू आयनीभूत असतील हे ते सांगते. तापमान वाढले की आयनीभवन वाढते हे उघड आहे, पण दाब कमी झाला तरी ते वाढते, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. सूर्याच्या वर्णगोलात अगदी उंचावर आयनीभूत कॅल्शियमच्या रेषा का दिसतात, हे कोडे त्यामुळे सुटले. तिथे दाब अतिशय कमी असतो. रुबिडियम आणि सीझियम सूर्याच्या वर्णपटात का सापडत नाहीत, याचेही उत्तर मिळाले. त्यांचे बहुतेक अणू आयनीभूत झालेले असल्याने त्यांच्या नेहमीच्या रेषा दिसत नाहीत. तुलनेने थंड असलेल्या सौरडागांत त्या दिसायला हव्यात, असे साहांनी सांगितले. पुढे अमेरिकी शास्त्रज्ञ रसेल यांना सौरडागांच्या वर्णपटात रुबिडियम सापडलेही. सूर्याच्या वर्णगोलावरचा हा निबंध १९२० मध्ये फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये आला.

याच सुमारास साहा लंडनला इम्पीरियल कॉलेजात आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत गेले. ताऱ्यांच्या वर्गीकरणावरचा निबंध त्यांनी कोलकात्यातच लिहून ठेवला होता. फाउलर हे वर्णपटशास्त्रातले अधिकारी अभ्यासक. त्यांनी निबंधातल्या उणिवा दाखवल्या आणि प्रयोगशाळेतली ताजी निरीक्षणे साहांसमोर ठेवली. आपले लिखाण तेच धरून बसण्याऐवजी साहांनी निबंध पुन्हा लिहिला, शीर्षकही बदलले. आधीच्या शीर्षकात नुसत्या वर्गीकरणाचा उल्लेख होता, नव्यात ताऱ्यांच्या वर्णपटाचा भौतिक सिद्धांत असा स्पष्ट दावा होता. १९२१ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. ताऱ्यांच्या वर्णपटांतला फरक मुख्यतः तापमानाचा आहे, हे त्यातून पक्के झाले. १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी याच समीकरणाच्या आधाराने ताऱ्यांमध्ये हायड्रोजन सर्वाधिक असल्याचे दाखवले. १९२७ साली साहा रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

जे आपल्याला कुणी शिकवले नाही, ते इतरांना सहज मिळावे यासाठी साहा पुढे झटत राहिले. अलाहाबादला असताना त्यांनी बी. एन. श्रीवास्तव यांच्यासह उष्णतेवरचे पाठ्यपुस्तक लिहिले, ते भारतातल्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरले. १९३५ मध्ये त्यांनी सायन्स अँड कल्चर हे मासिक सुरू केले आणि पूर, नद्या, उद्योग अशा विषयांवर सामान्य वाचकाला समजेल असे लिहिले. १९५२ साली ते लोकसभेवर निवडून गेले. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जाताना त्यांचे निधन झाले.

आजच्या संशोधक विद्यार्थ्याला जगभरातले निबंध घरबसल्या मिळतात. साहांकडे मोजकेच होते, म्हणून त्यांनी प्रत्येक निबंध मन लावून वाचला. छापलेला निबंध म्हणजे शेवटचा शब्द असे त्यांनी मानले नाही, आणि स्वतःच्या निबंधालाही तोच नियम लावला. एगर्टचा निबंध जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये आणखी अनेकांनी वाचला असणार. त्यातला गृहीत धरलेला आकडा पाहून थांबला तो कोलकात्यातला एक तरुण अध्यापक.