व्हेरा ब्रिटन : चौघे आणि एक पुस्तक

पहिल्या महायुद्धापूर्वीचे बक्स्टन हे डर्बीशायरमधील सुखवस्तू आणि काहीसे आत्मसंतुष्ट गाव होते. कागद गिरणीच्या धंद्यात असलेल्या ब्रिटन कुटुंबातील दोन मुले तेथे वाढली : १८९३ साली जन्मलेली व्हेरा आणि तिच्याहून जवळजवळ दोन वर्षांनी धाकटा एडवर्ड. एडवर्डने ऑक्सफर्डला जावे हे गृहीत होते. व्हेराने लग्न करावे हेही तितकेच गृहीत होते. तिने वडिलांशी वाद घातला, घरी बसून अभ्यास केला आणि ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजची शिष्यवृत्ती मिळवली.

एडवर्डचे अपिंगहॅम शाळेतील दोन जिवलग मित्र होते, रोलंड लेटन आणि व्हिक्टर रिचर्डसन. १९१४ च्या वसंतात रोलंड ब्रिटन कुटुंबाकडे राहायला आला. लेखक आईबापांच्या घरातला, हुशार आणि थोडा गर्विष्ठ असा हा मुलगा व्हेराशी पुस्तकांवर आणि स्त्रियांच्या हक्कांवर बोलू लागला. त्याने तिला ऑलिव्ह श्रायनरची ‘द स्टोरी ऑफ ॲन आफ्रिकन फार्म’ ही कादंबरी दिली. पुढे दोघे भेटत तेव्हा बहुधा कुणीतरी वडीलधारी बाई सोबतीला असे. मराठी वाचकाला हा बंदोबस्त मुळीच परका वाटणार नाही. प्रेम वाढले ते मुख्यतः पत्रांतून.

ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले. तिन्ही मित्रांनी सैन्यात अधिकारपदासाठी अर्ज केले आणि व्हेरा एकटीच ऑक्सफर्डला पोहोचली. मार्च १९१५ मध्ये रोलंड फ्रान्सच्या आघाडीवर गेला. आपण ग्रंथालयात बसावे आणि त्याने चिखलात, हे तिला सोसेना. तिने शिक्षण थांबवले आणि स्वयंसेवी परिचारिका होऊन जखमी सैनिकांची सेवा सुरू केली. ऑगस्टमध्ये वाङ्निश्चय झाला. नाताळच्या रजेवर रोलंड येणार म्हणून ती ब्रायटनच्या हॉटेलात वाट पाहत थांबली होती. २६ डिसेंबरला फोन आला. आघाडीवर तारांचे कुंपण दुरुस्त करवताना त्याला गोळी लागली होती आणि २३ तारखेलाच त्याचा मृत्यू झाला होता. तो वीस वर्षांचा होता. काही दिवसांनी त्याचे सामान घरी आले, त्यात चिखलाने आणि रक्ताने माखलेला गणवेश होता.

पुढच्या वर्षी तिची नेमणूक माल्टा बेटावरील रुग्णालयात झाली. तेथेच १९१७ च्या वसंतात दोन बातम्या आल्या. अरासच्या लढाईत व्हिक्टरची दृष्टी गेली होती आणि एडवर्डचा सैन्यातील मित्र जेफ्री थर्लो मारला गेला होता. या शांत, संकोची जेफ्रीशीही तिचे मनापासून जुळले होते. व्हेराने माल्टा सोडले. आंधळ्या व्हिक्टरशी लग्न करून आयुष्यभर त्याला सांभाळायचे, असे तिने मनाशी ठरवले होते. हे प्रेम नव्हते, हे तिला पक्के ठाऊक होते. मात्र त्याला केवळ त्याग म्हणणेही उथळपणाचे ठरेल. रोलंडला ओळखणाऱ्या माणसांपैकी जो उरला होता, त्याला तिला गमवायचे नव्हते. ती परतल्यावर दोन आठवड्यांच्या आतच व्हिक्टर वारला.

त्यानंतर फ्रान्समधील एताप्लच्या छावणीत तिच्या वाट्याला जखमी जर्मन कैद्यांचा वॉर्ड आला. त्याच सुमारास तिचा भाऊ जर्मनांशीच लढत होता. १५ जून १९१८ रोजी इटलीतील आसियागोच्या पठारावर एडवर्डही पडला. व्हेरा तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि पत्रांना उत्तर देणारे आता कुणीच उरले नव्हते.

१९१९ मध्ये ती ऑक्सफर्डला परतली. तेथे भेटलेली विनिफ्रेड होल्टबी तिला आधी मुळीच आवडली नाही. वादसभेत दोघींचे खटकलेही. पुढे याच विनिफ्रेडशी तिची आयुष्यातली सर्वांत दृढ मैत्री झाली. लंडनमध्ये दोघी एकत्र राहिल्या आणि १९२५ साली व्हेराने जॉर्ज कॅटलिनशी विवाह केल्यानंतरही विनिफ्रेड त्या घराचाच भाग राहिली.

चौघांची कथा कादंबरीरूपात लिहिण्याचे व्हेराचे प्रयत्न फसले. अखेर तिने खरी नावे आणि खरी पत्रे घेऊन आत्मचरित्र लिहिले. ‘टेस्टमेंट ऑफ यूथ’ ऑगस्ट १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हातोहात खपले. पतीला आपले चित्रण रुचले नाही, म्हणून ते आखडते घ्यावे लागले. कॅटलिन त्यात केवळ एका आद्याक्षरापुरता उरला. पुस्तकाची पहिली शंभर पाने धीर धरून वाचावी लागतात. मात्र स्वतःचा हेकटपणा, मत्सर आणि आत्मकरुणा लेखिकेने झाकलेली नाही, आणि त्यामुळेच पुढच्या पानांवर विश्वास बसतो.

या पुस्तकाने तिलाच एक धक्का दिला. ते वाचून एडवर्डच्या तत्कालीन कमांडिंग अधिकाऱ्याने तिच्याशी संपर्क साधला. समलिंगी संबंधांचा उल्लेख असलेले एडवर्डचे पत्र सेन्सॉरच्या हाती लागले होते आणि त्याच्यावर कोर्ट मार्शलची टांगती तलवार होती. शेवटच्या लढाईत त्याने मृत्यू ओढवून घेतला असावा, अशी शंका त्या अधिकाऱ्याला होती. ज्या भावाला आपण पूर्ण ओळखतो असे समजून तिने सहाशेहून अधिक पाने लिहिली, त्याच्या मनाचा एक कप्पा तिला कधी उघडलाच नव्हता. १९३६ च्या ‘ऑनरेबल इस्टेट’ या कादंबरीत तिने हा धागा वेष पालटून आणला.

विनिफ्रेड १९३५ मध्ये सदतिसाव्या वर्षी गेली. तिच्यावर व्हेराने १९४० साली ‘टेस्टमेंट ऑफ फ्रेंडशिप’ लिहिले. स्त्रियांमधील मैत्रीला इतकी जागा देणारी चरित्रे तेव्हा दुर्मीळच होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन शहरांवरील बेछूट बॉम्बफेकीला तिने उघड विरोध केला आणि त्यापायी लोकप्रियता गमावली. १९४९ च्या अखेरीस जागतिक शांततावादी परिषदेसाठी ती भारतात आली. शांतिनिकेतन आणि वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे ही परिषद भरली होती. त्या प्रवासावर तिने ‘सर्च आफ्टर सनराइज’ लिहिले.

२९ मार्च १९७० रोजी लंडनमध्ये तिचे निधन झाले. तिच्या इच्छेनुसार त्याच वर्षी तिची रक्षा आसियागोच्या पठारावरील ग्रानेझ्झा येथे नेण्यात आली आणि एडवर्डच्या कबरीवर विखुरण्यात आली.