विश्लेषण : शाळकरी मुलांचे हक्क शाळेतही कायम राहतात, हे ठरवणारे न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन कोण होते?

शिक्षक विद्यार्थ्याचे दप्तर तपासू शकतात का? घरी बसून समाजमाध्यमावर टाकलेल्या पोस्टसाठी शाळा शिक्षा करू शकते का? प्रतिज्ञा म्हणायला नकार दिला म्हणून मुलाला शाळेतून काढता येते का? अमेरिकेत असे वाद न्यायालयात पोहोचतात तेव्हा १९४३ मधल्या एका निकालाचा आधार वारंवार घेतला जातो. शाळा चालवणारे मंडळ हेही सरकारच आहे, त्यामुळे राज्यघटनेची बंधने त्यालाही लागू होतात, असे त्या निकालाने ठरवले. तो लिहिला न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी. न्युरेम्बर्ग खटल्यातील अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता म्हणून ते जगाला माहीत आहेत. शाळकरी मुलांच्या हक्कांशी त्यांचे नाते मात्र तितके परिचित नाही.

जडणघडण कशी झाली?

जॅक्सन यांचा जन्म १३ फेब्रुवारी १८९२ रोजी पेनसिल्व्हेनियातील स्प्रिंग क्रीक येथे शेतकरी कुटुंबात झाला. बालपण न्यूयॉर्क राज्यातील फ्र्यूजबर्ग या लहानशा गावात गेले. शालेय शिक्षणानंतर ते महाविद्यालयात गेले नाहीत. जवळच्या जेम्सटाउन शहरातील एका वकिलाच्या कार्यालयात उमेदवारी करत ते कायदा शिकले. मध्ये एक वर्ष त्यांनी ऑल्बनीच्या विधि महाविद्यालयात काढले आणि १९१३ मध्ये वकिलीची सनद मिळवली.

पुढची वीस वर्षे त्यांनी प्रामुख्याने जेम्सटाउनमध्ये वकिली केली. फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९३४ मध्ये ते वॉशिंग्टनला आले. १९३८ मध्ये सॉलिसिटर जनरल, १९४० मध्ये अ‍ॅटर्नी जनरल आणि १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, असा त्यांचा प्रवास झाला. ही तिन्ही पदे भूषवणारे ते अमेरिकेच्या इतिहासातील एकमेव व्यक्ती आहेत.

फोन टॅपिंगचा वाद काय होता?

खासगीपणाचा प्रश्न जॅक्सन यांच्यासमोर आधी आला तो अ‍ॅटर्नी जनरल म्हणून. परवानगीविना फोनवरील संभाषण ऐकून मिळवलेला पुरावा सर्वोच्च न्यायालयाने त्यापूर्वीच नाकारला होता. त्याला अनुसरून मार्च १९४० मध्ये जॅक्सन यांनी एफबीआयचे फोन टॅपिंग थांबवले. मात्र युरोपात युद्ध पेटले होते. देशविरोधी कारवायांचा संशय असलेल्यांचे फोन ऐकण्याची मुभा रूझवेल्ट यांनी त्याच वर्षी मे महिन्यात दिली आणि जॅक्सन यांची बंदी दोन-अडीच महिन्यांतच मोडीत निघाली. जॅक्सन यांनी राष्ट्राध्यक्षांचा आदेश मानला. संकटाच्या काळात सरकार नागरिकांच्या हक्कांना कशी बगल देते, हे त्यांनी सरकारात बसूनच पाहिले होते.

१९४० चा निकाल काय होता?

अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी खर्चाने चालणारी शाळा. आपल्याकडच्या महागड्या पब्लिक स्कूलशी तिचा संबंध नाही. या शाळांमध्ये रोज झेंड्याला सलाम करून प्रतिज्ञा म्हटली जात असे. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची मुले सलाम करायला नकार देत. झेंड्याला सलाम करणे म्हणजे मूर्तिपूजा, अशी या पंथाची श्रद्धा आहे.

पेनसिल्व्हेनियातील मायनर्सव्हिल येथे याच कारणावरून भावंडांना शाळेतून काढण्यात आले. जून १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी शाळेची बाजू उचलून धरली. राष्ट्रीय ऐक्यासाठी सलाम सक्तीचा करावा की नाही, हे शिक्षण मंडळांनी ठरवावे, असा बहुमताचा निष्कर्ष होता. न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी तो निकाल लिहिला.

त्यानंतर देशभर या पंथाच्या लोकांवर हल्ले सुरू झाले. जमावाने मारहाण केली, प्रार्थनास्थळांची नासधूस झाली. त्या वेळी अ‍ॅटर्नी जनरल जॅक्सनच होते. या हिंसेच्या तक्रारी त्यांच्याच खात्याकडे येत होत्या.

वेस्ट व्हर्जिनियात काय घडले?

पर्ल हार्बरवरील हल्ल्याला जेमतेम महिना झाला असताना, ९ जानेवारी १९४२ रोजी वेस्ट व्हर्जिनियाच्या शिक्षण मंडळाने सर्व विद्यार्थी आणि शिक्षकांना सलाम सक्तीचा केला. नकार म्हणजे बेशिस्त आणि बेशिस्तीची शिक्षा म्हणजे शाळेतून हकालपट्टी. खरी मेख पुढे होती. काढून टाकलेले मूल कायद्याने विनापरवानगी गैरहजर ठरत होते. त्यामुळे पालकांवर खटला भरता येत असे. ५० डॉलरपर्यंत दंड आणि ३० दिवसांपर्यंत कैद, अशी तरतूद होती. मुलांना बालगुन्हेगारांच्या सुधारगृहात पाठवण्याच्या धमक्याही दिल्या जात होत्या. म्हणजे शाळेनेच दार बंद करायचे आणि शाळेत येत नाही म्हणून शिक्षाही करायची, असा हा प्रकार होता.

सलामाच्या पद्धतीवरही आक्षेप होते. उजवा हात समोर ताठ उचलून तो केला जाई आणि हिटलरच्या जर्मनीतील सलामाशी त्याचे साम्य होते. पालक-शिक्षक संघटना आणि रेड क्रॉस यांनीही हा मुद्दा मांडला होता.

चार्ल्सटनजवळच्या एका शाळेतून काढलेल्या दोन लहान बहिणींचे बार्नेट कुटुंब आणि अन्य पालक न्यायालयात गेले. तीन न्यायाधीशांच्या संघराज्य न्यायालयाने, १९४० चा निकाल समोर असतानाही, मुलांच्या बाजूने कौल दिला. शिक्षण मंडळाने सर्वोच्च न्यायालयात अपील केले.

जॅक्सन यांनी काय ठरवले?

१४ जून १९४३ रोजी, अमेरिकेच्या ध्वजदिनीच, ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल लागला. अवघ्या तीन वर्षांत न्यायालयाने स्वतःचाच निर्णय फिरवला. तोही महायुद्ध ऐन भरात असताना.

जॅक्सन यांनी प्रकरणाचा गाभाच बदलला. या पंथाला धार्मिक सवलत द्यावी का, या प्रश्नात ते अडकले नाहीत. कोणत्याही नागरिकाकडून त्याला मान्य नसलेली गोष्ट वदवून घेण्याचा अधिकार सरकारला मुळात आहे का, असा प्रश्न त्यांनी घेतला. सलाम हाही अभिव्यक्तीचाच प्रकार आहे. शाळा इतिहास शिकवू शकते, देशप्रेम रुजवू शकते. पण निष्ठेचा उच्चार सक्तीने करून घेऊ शकत नाही, असे त्यांनी ठरवले. त्यामुळे हे संरक्षण एका पंथापुरते न राहता सर्व विद्यार्थ्यांना मिळाले.

दुसरा मुद्दा शिक्षण मंडळांचा होता. राज्यांच्या मनमानीपासून नागरिकांचे रक्षण करणारी अमेरिकी घटनेची चौदावी दुरुस्ती शिक्षण मंडळांनाही लागू आहे, असे निकालात स्पष्ट केले गेले. मुलांना भावी नागरिक म्हणून घडवणाऱ्या संस्थेने तर त्यांचे हक्क अधिकच काटेकोरपणे जपले पाहिजेत, अशी त्यामागची भूमिका होती. मूलभूत हक्क निवडणुकीतील बहुमतावर सोडता येत नाहीत, हेही त्यांनी बजावले.

फ्रँकफर्टर यांनी तीव्र विरोधी मत नोंदवले. ते स्वतः ज्यू होते. छळ सोसलेल्या अल्पसंख्य समाजातून आलो असलो तरी न्यायाधीशाने लोकप्रतिनिधींच्या निर्णयाच्या जागी स्वतःचे मत लादू नये, असे त्यांचे म्हणणे होते. एरवी ते न्यायालयात जॅक्सन यांच्या जवळचे मानले जात.

या पंथाबद्दल जॅक्सन यांना सहानुभूती होती का?

तसे दिसत नाही. या निकालाच्या सहाच आठवडे आधी, ३ मे १९४३ रोजी, याच पंथाच्या घरोघरी जाऊन प्रचार करण्याच्या हक्काचे खटले न्यायालयापुढे होते. बहुमत प्रचारकांच्या बाजूने गेले, जॅक्सन विरोधात राहिले. सुटीच्या सकाळी मोठ्या संख्येने दारोदार फिरणाऱ्या प्रचारकांमुळे घरात बसलेल्या माणसाच्या खासगीपणाला धक्का बसतो, याची दखल न्यायालयाने घेतली पाहिजे, असे त्यांचे मत होते.

म्हणजे दाराशी आलेल्या प्रचारकांपासून घरमालकाला वाचवू पाहणारे न्यायमूर्ती सहा आठवड्यांनी त्याच पंथाच्या मुलांसाठी सरकारपुढे उभे राहिले. दोन्ही वेळा त्यांच्यासमोर प्रश्न एकच होता : माणसाच्या खासगी वर्तुळात दुसऱ्याने किती शिरायचे?

पुढची वाटचाल कशी होती?

१९४४ मध्ये जपानी वंशाच्या नागरिकांना त्यांच्या घरांतून हटवण्याचा लष्करी आदेश बहुमताने वैध ठरवला, तेव्हा जॅक्सन यांनी विरोधी मत दिले. १९४५-४६ मध्ये ते न्युरेम्बर्गला नाझी नेत्यांविरुद्धचा खटला चालवत होते. परतल्यावर १९४८ मध्ये सिअ‍ॅटलमधील एका हॉटेलच्या खोलीच्या झडतीचे प्रकरण आले. अफूचा वास आला म्हणून पोलीस वॉरंटविना आत शिरले होते. झडतीची गरज आहे की नाही हे पोलिसांनी नव्हे, तटस्थ न्यायाधीशाने ठरवायचे असते, असे जॅक्सन यांनी बहुमताच्या निकालात स्पष्ट केले.

मार्च १९५४ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्या वेळी सरकारी शाळांमधील वर्णभेदाचा ब्राऊन खटला अंतिम टप्प्यात होता. कायदेशीर युक्तिवादाबाबत जॅक्सन यांच्या मनात शंका होत्या आणि त्यांनी वेगळ्या मताचा मसुदाही केला होता. अखेर तो त्यांनी बाजूला ठेवला. १७ मे रोजी वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा एकमुखी निकाल वाचला गेला, तेव्हा ते रुग्णालयातून थेट न्यायालयात येऊन बसले. ९ ऑक्टोबर १९५४ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

दप्तर तपासण्याबाबत आज नियम काय?

व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती लावणाऱ्या विद्यार्थ्यांना १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिले. १९८५ मध्ये न्यू जर्सीतील एका १४ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या पर्सची झडती वादात सापडली. शाळेचे अधिकारीही सरकारचेच प्रतिनिधी असल्याने झडतीवरील घटनात्मक बंधने त्यांना लागू होतात, हे ठरवताना न्यायालयाने जॅक्सन यांच्या निकालाचा आधार घेतला. तत्त्व जिंकले, पण विद्यार्थिनी हरली. शाळेला वॉरंटची गरज नाही, वाजवी संशय पुरेसा आहे, असे सांगत तिची झडती योग्य ठरवण्यात आली.

तेव्हापासून ही रेषा पुढे-मागे सरकत आहे. खेळाडू विद्यार्थ्यांची अमली पदार्थांसाठी मूत्रचाचणी १९९५ मध्ये वैध ठरली. २००२ मध्ये ती अन्य स्पर्धात्मक उपक्रमांतील मुलांनाही लागू झाली. वेदनाशामक गोळ्यांच्या संशयावरून १३ वर्षांच्या मुलीचे कपडे उतरवून घेतलेली झडती मात्र २००९ मध्ये घटनाबाह्य ठरली. शाळेबाहेर टाकलेल्या स्नॅपचॅट पोस्टवरून विद्यार्थिनीला संघाबाहेर ठेवणाऱ्या शाळेला २०२१ मध्ये न्यायालयाने फटकारले. हे सारे फक्त सरकारी शाळांना लागू आहे. खासगी शाळेविरुद्ध घटनेतील हे हक्क थेट वापरता येत नाहीत.

भारताशी संबंध काय?

१९८५ मध्ये केरळमध्ये याच पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीत सुरू असताना ती आदराने उभी राहत, पण गात नसत. उच्च न्यायालयात ती हरली. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि एम. एम. दत्त यांच्या खंडपीठाने त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कायदाच नाही आणि ही हकालपट्टी अभिव्यक्ती व धर्मस्वातंत्र्याच्या हक्कांचा भंग आहे, असे खंडपीठाने म्हटले. त्या निकालात जॅक्सन यांच्या १९४३ च्या निकालाची चर्चा आहे.