न बांधलेला तुरुंग

दरबारात कोणी कुठे बसायचे यावरून माणसाची पायरी ठरे, हे आमच्यासारख्या गवयाच्या घरात मुलांना सुरांच्या आधी कळते. जागा न बोलता हुकूम करते. जेरेमी बेंथॅम या इंग्रज विचारवंताने हेच तुरुंगाच्या बाबतीत ओळखले.

बेंथॅम १७४८ साली लंडनमध्ये एका वकिलाच्या घरी जन्मला. लहानपणीच व्हायोलिन शिकला, बाराव्या वर्षी ऑक्सफर्डला गेला. कायदा शिकला, पण वकिलीत रमला नाही. त्या काळी इंग्लंडात चोरीलाही फाशी होई, आणि तीही चव्हाट्यावर. शिक्षा म्हणजे लोकांचा तमाशाच!

१७८६ साली तो धाकटा भाऊ सॅम्युअल याच्याकडे रशियात गेला. कामगारांवर देखरेखीसाठी भावाने योजलेल्या गोल इमारतीवरून त्याला तुरुंग सुचला. कडेने कोठड्या, मधोमध मनोरा. पहारेकऱ्याला प्रत्येक कैदी दिसावा, कैद्याला पहारेकरी दिसू नये. कोण केव्हा पाहील हे ठाऊक नसल्याने कैदी सदैव सांभाळून वागेल. चाबकाचे काम भिंतींनीच करायचे! १७९१ साली त्याने ही योजना ‘पॅनॉप्टिकॉन’ या नावाने छापली. तिच्यापायी त्याने सुमारे वीस वर्षे खर्ची घातली. अखेर सरकारने तुरुंग बांधू दिलाच नाही; १८१३ साली तेवीस हजार पौंड भरपाई देऊन त्याची बोळवण केली.

कल्पना मात्र मेली नाही. १९०६ साली पुरा झालेला अंदमानचा सेल्युलर जेल आठवा. मध्ये मनोरा, त्यापासून निघालेले सात फाटे. एका फाट्याच्या कोठड्यांसमोर दुसऱ्याची पाठ. मनोऱ्यावरून कोठडीच्या आतले दिसत नसे, म्हणून ती बेंथॅमची नक्कल नव्हे. पण इमारतीनेच शिक्षा करण्याचा विचार तोच. सावरकर बंधू तेथे होते. त्या भिंतींची ओळख मराठी घरांना वेगळी करून द्यायला नको.

फाशीच्या तमाशापेक्षा बेंथॅमचा मार्ग खचित सौम्य, पण मला तो अपुरा वाटतो. गुरू समोर असताना शिष्य तालात गातोच. एकट्याने गातानाही ताल सुटला नाही, तर विद्या अंगी मुरली म्हणायची. पहाऱ्याने वागणूक बदलते. माणूस बदलेलच असे नाही.

बेंथॅम १८३२ साली वारला. त्याच्याच इच्छेनुसार त्याचा सांगाडा, अंगावर त्याचे कपडे आणि वर मेणाचे डोके, असा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात काचेच्या पेटीत बसवला आहे. येणारे-जाणारे त्याला पाहतात. त्याला कोणीच दिसत नाही.