बगदादचे सूली

शह देत देत मात करण्याची कोडी तुम्ही सोडवता ना? अब्बासी काळात त्यांना ‘मन्सूबा’ म्हणत. त्यात बहुधा आपलाच राजा पुढच्या चालीत मरणार असतो. म्हणून प्रत्येक चाल शहाचीच हवी, एक चुकली की संपले! तेव्हाचा वजीर तिरपे एकच घर चाले; सारी मदार घोड्या-हत्तींवर.

या विद्येचे उस्ताद अबू बक्र सूली. खलिफा मुक्तफी (९०२-९०८) यांच्यासमोर त्यांनी दरबारचा लाडका खेळाडू मावर्दी याला हरवले. ते इतिहासकारही होते. पुढे खलिफा झालेल्या राजपुत्राला त्यांनी शिकवले. अखेर मात्र बगदाद सुटले आणि ९४६च्या सुमारास बसऱ्यात ते गरिबीत वारले. त्यांचे एक अवघड कोडे रशियाच्या अव्हेरबाख यांनी १९८०च्या दशकात उलगडले.